गोलाईच्या भिंतीवरचं कोपिंग दर पावसाळ्यानंतर का सुटतं, आणि ते बसवायचं कसं

तक्रार साधारण अशी असते. बागेची किंवा कंपाउंडची भिंत हौसेने गोलाईत घेतली, माथ्यावर काळ्या दगडाचं किंवा शहाबादीचं कोपिंग, म्हणजे भिंतीचं दगडी झाकण, बसवलं. पहिलं वर्ष झकास जातं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दोन दगडांमधल्या सांध्यात केसाएवढी चीर दिसते. गवंडी येतो, सिमेंट भरून जातो. पुढच्या वर्षी तीच चीर परत, शेजारी आणखी दोन. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दगड हाताने हलायला लागतो, खालच्या गिलाव्याला लोणा (पांढरा क्षार) लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. गंमत अशी की त्याच घराची सरळ भिंत, तोच दगड, तोच गवंडी, तोच माल, आणि ती मात्र ठणठणीत असते.

सरळ भिंत टिकते म्हणजे दगडाला आणि सिमेंटला दोष देण्यात अर्थ नाही. गोलाईवर बिघडतो तो सांध्याचा आकार. तो आकार बदलल्याशिवाय कितीही वेळा दर्जा (सांध्यांतली मालाची भर) भरल्या तरी त्या पुन्हा फुटणारच.

पोट, पाठ आणि मधली पाचर

गोलाईच्या आतल्या बाजूला पोट म्हणू, बाहेरच्या बाजूला पाठ. पाठीची लांबी पोटापेक्षा नेहमी जास्त. दगड मात्र दुकानातून चौकोनी येतो. पोटाकडे दगडाला दगड टेकवला की पाठीकडे सांधा पाचरीसारखा उघडा राहतो. किती उघडा, त्याचा हिशेब सोपा आहे: दगडाची लांबी गुणिले कोपिंगची रुंदी, भागिले पोटाची त्रिज्या, सगळं इंचात.

पोटाची त्रिज्या ६ फूट, दगड १८ इंच लांब, कोपिंग १३ इंच रुंद असेल, तर १८ × १३ ÷ ७२, म्हणजे प्रत्येक सांधा पाठीकडे सव्वातीन इंच. त्रिज्या १० फूट असली तरी जवळजवळ २ इंच. अगदी ३० फूट त्रिज्येची, लांबून सरळच वाटणारी भिंत घेतली तरी ५ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). हा सगळा खड्डा मालाने, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूने, भरायचा असं गृहीत धरलं जातं. ‘एवढं कापत कशाला बसायचं, मालात जाईल’ हे वाक्य या कामात हमखास ऐकू येतं. पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ तेच.

सांध्यातला माल वाळताना आकसतो. ७-८ मिलिमीटरच्या सांध्यात हे आकसणं जाणवत नाही. तीन इंचांच्या पाचरीत मात्र माल दगडाच्या कडेपासून सुटतो, आणि तिथे नखही जाणार नाही इतकी बारीक फट पडते. अशी फट रुंद फटीपेक्षा वाईट, कारण ती पाणी ओढून घेते. जुलैमध्ये कोल्हापुरात आठवडा-आठवडा भिंत वाळत नाही. गगनबावडा, राधानगरीकडे तर महिना महिना. एकदा आत गेलेलं पाणी खालून गिलाव्यातूनच बाहेर पडतं आणि येताना क्षार घेऊन येतं.

दुसरं कारण ऊन. काळा दगड एप्रिल-मेच्या दुपारी हात ठेववणार नाही इतका तापतो आणि रात्री गार होतो. ३० फूट लांबीच्या रांगेत दिवस-रात्रीत ३५ अंशांचा फरक पडला, तर रांग अडीच मिलिमीटरच्या आसपास लांब होते. सरळ भिंतीवर हे लांबणं टोकांकडे जातं. गोलाईच्या दोन्ही टोकांना गेटचे किंवा कोपऱ्याचे खांब असतील, तर रांगेला जायला जागा एकच उरते, पाठीकडे. म्हणजे मधले दगड तेवढेच किंवा थोडे जास्त बाहेर ढकलले जातात. रात्री गार झाल्यावर ते पूर्ण मागे येत नाहीत, कारण तोवर सांध्यात धूळ-माती बसलेली असते. वळवाचा पाऊस तापलेल्या दगडावर पडला की हाच खेळ दहा मिनिटांत होतो. म्हणून सुटलेला दगड जवळजवळ नेहमी पाठीकडे सरकलेला सापडतो, पोटाकडे क्वचितच.

पन्हाळ्यासारख्या किल्ल्यावरचा गोल बुरूज जवळून पाहिला तर गोष्ट लगेच कळते. बाहेर दिसणारं तोंड रुंद आणि आत जाणारं शेपूट निमुळतं अशी घडाई असली की गोलाईवर सांधा अरुंद राहतो. पाथरवटाला हे कुणी शिकवावं लागत नाही. फरशी दुकानातून तयार यायला लागली तेव्हापासून हे काम मालावर ढकललं गेलं.

फोडाफोडीआधी तपासणी

घाईने सगळं कोपिंग उखडू नका. दोन कोरड्या दिवसांनंतर खडू, हातोडीचा लाकडी दांडा आणि पाण्याचा मग घेऊन भिंतीच्या कडेने एक फेरी मारा.

गिलाव्यावरचे ओघळ आधी बघा, तेही पाठीकडचे. ओघळ सांध्याच्या बरोबर खाली असतील तर सांधा गळतोय. ओघळ प्रत्येक दगडाच्या मध्यावर, ठरावीक अंतराने असतील तर सांध्याचा संबंधच नाही, तिथे दगडाची झाप, म्हणजे भिंतीबाहेर आलेली कड, कमी पडली आहे. कारण असं: दगडाची कड सरळ, भिंत गोल. दोन कोपरे भिंतीबाहेर हवे तेवढे आले तरी कडेचा मध्य आत राहतो. पाठीची त्रिज्या ७ फूट असेल तर २ फुटी दगडाचा मध्य जवळजवळ ७ सूत आत जातो, दीड फुटीचा ४ सूत, एक फुटीचा पावणेदोन सूत. सव्वा इंचाची, म्हणजे १० सुतांची झाप ठेवली होती, तर २ फुटी दगडाच्या मध्यावर ३ सूतच उरली. खाली पागोळीची खाच, म्हणजे पाणी भिंतीकडे न येता तिथेच ठिपकावं म्हणूनची चर, मारली असेल तर तीही तिथे गिलाव्याच्या आत गेली, म्हणजे असून नसल्यासारखी.

इथे एक फसवी जागा आहे. गवंड्याने कोपऱ्यांऐवजी दगडाचा मध्य धरून झाप मोजली असेल तर पाठीकडे सगळं ठीक दिसतं, पण पोटाकडे कोपरे कमी पडतात आणि ओघळ सांध्याखाली येतात. गळका सांधा वाटतो, असतो मात्र झापेचाच दोष. म्हणून प्रत्येक सांध्यावर मगभर पाणी हळू सोडून बघा. पाणी दगडाच्या वरून कडेला येऊन खाली घसरतंय की दगडाच्या खालून, गिलाव्याच्या वरच्या रेषेतून पाझरतंय? खालून पाझरलं तर सांधा, वरून घसरलं तर झाप.

मग दांड्याने प्रत्येक दगड पाच ठिकाणी वाजवा: चार कोपरे आणि मध्य. कोपरे भरीव आणि मध्य पोकळ वाजला, तर माल चार ठिपक्यांवर टाकून दगड ठेवला आहे. त्या पोकळीत पाणी साठतं आणि बेड, म्हणजे दगडाखालचा मालाचा थर, सुटत जातो. सगळाच पोकळ वाजला तर दगडाची खालची बाजू मालाला चिकटलेलीच नाही. असे दगड उचलल्यावर ती स्वच्छ, जणू धुतलेली निघते.

शेवटी कोपिंगखालची भिंत बघा. सांध्यातली चीर खाली गिलाव्यात आणि पुढे विटेत किंवा जांभ्यात उतरत असेल, तर कोपिंग हा आजार नाही, लक्षण आहे. पंचगंगेच्या काठाला, शिरोळ-हातकणंगल्याकडे काळ्या मातीत पाया उथळ असेल तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत वर्षातून दोनदा हलते. अशा चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना आरल्डाइटने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली तर कोपिंगचं काम करा. तडकली तर आधी पाया आणि पाण्याचा निचरा. मागे माती भरलेली भिंत असेल तर तळाशी पाणी जाण्याची भोकं मोकळी आहेत का तेही बघा. ती बुजली असतील तर माथ्यावर काहीही केलं तरी लोणा येत राहणार.

कोणता दगड, केवढा

इथला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, या कामाला उत्तम. पाणी फार कमी पितो. पण त्याच गुणामुळे गुळगुळीत कापलेली खालची बाजू मालाला सहज धरत नाही, हे लक्षात ठेवा. ग्रॅनाइटचं तेच. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. स्वस्त लॉट उघड्यावर थरांत सुटतो आणि कडप्प्याचा काळा रंग उन्हाने राखाडी होतो. घ्यायचेच असतील तर कडेने थरांच्या रेषा दिसणारे तुकडे बाजूला काढा. जांभा भिंतीला चांगला, माथ्याला नको. तो पाणी पितो आणि आपण ज्याच्यापासून भिंत वाचवायला निघालो, तेच आत सोडतो.

जाडी किमान ३० मिलिमीटर. दुकानात सहज मिळणारं १८-२० मिलिमीटरचं ग्रॅनाइट ओट्याला ठीक आहे. खाली खाच मारल्यावर त्याची कड नाजूक होते आणि कुणी भिंतीवर बसलं की तुकडा उडतो.

लांबीचा नियम: त्रिज्या ८ फुटांच्या आत असेल तर दगड १ फुटापेक्षा लांब नको, किंवा मग पाठीची कड खऱ्या गोलाईत कापून घ्या. ८ ते १५ फूट त्रिज्येला दीड फूट. त्यापुढे २ फूट चालतो. रुंदी भिंतीवरून ठरते. ९ इंची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासह साडेदहा इंचांच्या आसपास जाते, म्हणून १३ इंच: दोन्ही बाजूंना सव्वा इंच झाप. जांभ्याची भिंत जाड असते, तिथे मोजूनच घ्या.

त्रिज्या काढणं आणि दगड कापणं

भिंतीचा मध्यबिंदू बागेत मोकळा असेल तर खुंटी ठोकून बाईंडिंग वायरने वर्तुळ फिरवा. सुती दोरी नको, ती ताणली जाते. मध्यबिंदू घरात किंवा शेजाऱ्याकडे गेला असेल तर पोटाच्या बाजूने ६ फुटी सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी भिंतीला आडवी टेकवा. दोन्ही टोकं टेकतात, मध्ये फट राहते, ती मोजा. सूत्र: पट्टीच्या लांबीचा वर्ग भागिले फटीची आठपट, अधिक फटीचा निम्मा भाग. फट ५ इंच असेल तर ७२ × ७२ ÷ ४० = १२९.६, अधिक २.५, म्हणजे १३२ इंच, ११ फूट. हे तीन-चार ठिकाणी करा. डोळ्यांनी घेतलेली गोलाई खऱ्या वर्तुळाची क्वचित असते. दोन ठिकाणच्या त्रिज्येत फुटाहून जास्त फरक आला तर भिंतीचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाचा वेगळा फर्मा, म्हणजे दगड कापायचा नमुना, करा. एकाच फर्म्यावर सगळी भिंत ओढली की फरक शेवटच्या दोन दगडांत साठतो.

फर्मा ६ मिलिमीटर प्लायचा. सूत्र नको वाटत असेल त्यांच्यासाठी बिनहिशेबाची पद्धत: दोन दगड माथ्यावर असे ठेवा की पाठीकडचे कोपरे एकमेकांना टेकतील. पोटाकडे एक दगड दुसऱ्यावर चढेल. चढलेल्या भागाचा मध्य काढा, तिथून पाठीच्या टेकलेल्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारा आणि दोन्ही दगड त्या रेघेवर कापा. सांध्यासाठी प्रत्येक बाजूने ४ मिलिमीटर जादा घ्या, म्हणजे पोटापासून पाठीपर्यंत सारखा ८ मिलिमीटरचा सांधा मिळतो.

जुनेच दगड कापून परत वापरणार असाल तर संख्या कमी पडेल, हे आधीच धरा. ६ फूट त्रिज्येवर पाठीला १८ इंच राहणारा दगड पोटाकडे सव्वापंधरा इंचांवर येतो. दर पाच-सहा दगडांमागे एक जादा लागतो, तोही त्याच रंगाचा मिळेल का हे फोडण्याआधी बघा.

कापताना डायमंड ब्लेड आणि पाण्याची धार, तोंडाला मास्क. पाणी आणि वीज एकत्र येते म्हणून कटर शॉक-संरक्षण असलेल्या प्लगवरच लावा. पागोळीची खाच दगड खाली असतानाच मारा: कडेपासून पाऊण इंच आत, ८ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर खोल, दोन समांतर काप घेऊन मधला भाग छिन्नीने उडवायचा. पाठीकडे आणि पोटाकडे दोन्ही बाजूंना, आणि दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मध्येच सोडलेली खाच तिथेच पाणी आत सोडते.

बसवण्याचं काम

जुना माल विटेपर्यंत काढा. वरचा थर हलत असेल तर तोही काढून नव्याने बांधा. माथ्याला टाचे मारा (टोचून खरबरीत करा), ब्रशने धूळ काढा, पाणी मारा. उंचसखलपणा दीड इंचाहून जास्त असेल तर तो बेडच्या मालात घालवू नका. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, बारीक खडीचं, दोन-तीन इंच टाकून माथा समान करा. काळ्या मातीच्या भागात याच काँक्रीटमध्ये ८ मिलिमीटरच्या दोन सळ्या लांबीने टाकणं फायद्याचं आहे. ढाळ इथेच द्या: १३ इंचांत ३ ते ४ सूत, बागेच्या बाजूला. रस्त्याकडे ढाळ दिला की रंगवलेल्या दर्शनी बाजूवर काळे ओघळ येतात.

काँक्रीट वाळल्यावर पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंग कोटिंगचे दोन हात, एकमेकांना आडवे, गिलाव्याच्या वरच्या कडेवर इंचभर उतरवून. दुसरा हात ओला असताना त्यावर चाळलेली जाड वाळू शिंपडा, नाहीतर वरचा माल गुळगुळीत थरावरून सुटतो. काही जण कोटिंगऐवजी प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. पाणी अडतं हे खरं, पण दगड आणि भिंत यांचा संबंधच तुटतो, आणि गोलाईवर तर दगड पाठीकडे सरकायला वाटच मिळते.

बेडचा माल १:४, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. वाळू क्रश सँड (दगड भरडून केलेली) असेल तर धुतलेली, प्लास्टरची. भुकटी जास्त असलेली वाळू आकसते आणि भेगा देते. कोल्हापुरात आणखी एक धोका आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून निघालेली काळी वाळू भरावासाठी फुकट मिळते आणि कधी कधी मालातही जाते. तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. भरावाला वापरायची तर वापरा, मालात एक घमेलंही नको.

दगडाची खालची बाजू तारेच्या ब्रशने पाण्याखाली घासा. कापताना बसलेला राखाडी गाळ वाळून पांढुरका थर होतो, आणि दगड ‘धुतल्यासारखा’ सुटतो तो त्याच थरावरून. मग त्या बाजूला एसबीआर लॅटेक्स (मालाची पकड वाढवणारं पांढरं द्रव) आणि सिमेंटची पातळ खीर, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, आणि ती ओली असतानाच दगड ठेवा. ती वाळली की तिचाच पापुद्रा होतो आणि न लावलेली बरी अशी गत होते. सगळ्या दगडांना सकाळीच लावून ठेवणं ही नेहमीची चूक. एका वेळी एकच दगड. ग्रॅनाइटला मालाऐवजी बाहेरच्या कामाचं पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह जास्त भरवशाचं, मात्र त्यासाठी माथा आधी अचूक समान हवा. पिशवीवर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि नैसर्गिक दगडाचा उल्लेख आहे ना ते वाचा.

माल पूर्ण पसरा, २० ते २५ मिलिमीटर, ठिपके नकोत. रबरी हातोड्याने ठोका. पहिला दगड बसवला की लगेच उचलून उलटा करून बघा: खालच्या बाजूला जवळजवळ सगळीकडे माल लागला असेल तर पुढे जा. हे एकदा केलं की दिवसभराचा अंदाज येतो.

दोरी गोलाईवर कामाची नाही, ती दोन टोकांमध्ये सरळच जाते. उंचीसाठी लेव्हल ट्यूब, झापेसाठी लाकडाचा सव्वा इंची ठोकळा. आधी सगळी रांग सुकी मांडा. शेवटचा तुकडा ८ इंचांपेक्षा लहान येत असेल तर कमीपणा आधीच्या तीन-चार दगडांत वाटून टाका. खांबाला चिकटलेला चार इंची तुकडा सगळ्यांत आधी निघतो.

मुलं भिंतीवर चढणार असतील, किंवा त्रिज्या ८ फुटांपेक्षा कमी असेल, तर प्रत्येक दगडाला एक पिन द्या. ८ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा रॉड, ३ इंचांचे तुकडे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कापून मिळतात. दगडाला खालून १० मिलिमीटरचं १५-१८ मिलिमीटर खोल भोक, बाकीचा रॉड काँक्रीटमध्ये, दोन्हीकडे इपॉक्सी. बांधकामाची उरलेली सळी वापरू नका. ती गंजली की फुगते आणि दगड आतून फोडते. रेलिंगचे लोखंडी पाय कोपिंगमधून गेलेल्या भिंतीवर गोल तडे दिसतात, ते यामुळेच.

सांधे

दर्जा तीन दिवसांनी भरा, १:३ मालाने, पाण्यात थोडं एसबीआर घालून. दर्जा दगडाच्या पृष्ठभागाबरोबर घ्या. दर्शनी दगडी भिंतीसारखी खोल दर्जा इथे शोभेची असली तरी तिच्यात पाणी उभं राहतं.

दर १० फुटांवर, आणि दोन्ही टोकांना खांबाशी, एक सांधा मालाने भरायचा नाही. १० मिलिमीटर रुंद ठेवायचा, खालच्या बेडपर्यंत आरपार. त्यात फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून वर पॉलियुरेथेन सीलंट, खोली रुंदीच्या साधारण निम्मी. सीलंट दोन्ही दगडांना चिकटायला हवं, तळाला नको; तळालाही चिकटलं तर ते ताणता येत नाही आणि मधून फाटतं. दर्जेला रंग जुळावा म्हणून सीलंट ओलं असताना त्यावर दगडाची चाळलेली पूड दाबली की लांबून फरक कळत नाही.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन शहाबादी, कोट्यावर कधीच नको. त्यातलं आम्ल चुनखडीच्या दगडाची कड खातं.

ओलं गोणपाट सात दिवस. म्हणूनच हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. एप्रिलमध्ये माल धरण्याआधी वाळतो, आणि मेच्या शेवटी सुरू केलं तर वळीव दर्जा धुऊन नेतो.

३० फुटांच्या रांगेला, १३ इंच रुंदी आणि इंचभर बेड धरून, बेड आणि दर्जा मिळून एक गोणी सिमेंट आणि तीन ते चार घनफूट वाळू पुरते. माथ्याच्या काँक्रीटचा हिशेब वेगळा.

सगळं काढणं जमत नसेल तर

बेड भरीव वाजतोय आणि फक्त सांधेच फुटलेत, असं असेल तर मधला मार्ग आहे. पाठीकडे पाऊण इंचापर्यंतचे सांधे इंचभर खोल खरवडा, कडा पूर्ण वाळू द्या, बॅकर रॉड आणि सीलंट भरा. दोन-तीन इंचांच्या पाचरीत मात्र सीलंट टिकत नाही. तिथे पाचरीच्याच आकाराचा दगडाचा तुकडा कापून बसवा, दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर सांधा ठेवून. एका रुंद सांध्याचे दोन अरुंद सांधे होतात. काळ्या कोपिंगमध्ये हे तुकडे फिकट दगडाचे घेतले तर मुद्दाम केल्यासारखे छानही दिसतात. झाप कमी असेल तर यातलं काहीच उपयोगी नाही, दगड बदलायला लागतो.

वरून पांढरं सिमेंट ओतणं, दर्जेत वॉटरप्रूफिंगची पावडर जास्त घालणं, सगळ्या दगडावर चकचकीत पारदर्शक कोटिंग मारणं, हे तीन उपाय दरवर्षी होतात. कोटिंग तर उलटं काम करतं: आत गेलेलं पाणी वरून वाळायचं ते बंद होतं आणि सगळं खाली गिलाव्यात उतरतं.

लोणा घालवायची घाई करू नका. पाणी आत जायचं बंद झाल्यावर एक उन्हाळा जाऊ द्या, कोरड्या ब्रशने झाडा, पुन्हा येईल, पुन्हा झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात. अ‍ॅसिड शहाबादी-कोट्याला चालत नाही आणि काळ्या दगडाच्या दर्जाही खातं. रंग त्यानंतरच.

आणि सांध्यात पिंपळाचं किंवा उंबराचं दोन पानांचं रोप दिसलं तर वरून खुडू नका. मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जाड होऊन येतं. ती एक दर्ज पूर्ण खरवडा, मूळ तळापासून काढा, सांधा वाळवून नव्याने भरा. रोप जिथे रुजलं तिथे ओल कायम होती, म्हणून त्या दोन दगडांना दांड्याने पुन्हा वाजवून बघा.